डब्यातली तारली

दिल्लीत बदली होऊन येणाऱ्या मराठी कुटुंबाची पहिले काही आठवडे शोधमोहीमच चालू असते. मुलांची शाळा, गॅसची जोडणी, पोळ्यांना चालेल असा गहू आणि दळून देणारी गिरणी. पहाडगंजात नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे, हे कोणीतरी सांगते. नारळ, कढीलिंब आणि ओली हळद आयएनए मार्केटात मिळेल, हेही कळते. कोकणातून आलेल्या घरांच्या यादीत मात्र आणखी एक नोंद असते, आणि ती पुष्कळ काळ अपुरीच राहते. ती म्हणजे मासळी.

२००४ साली ह्यांची बदली दिल्लीला झाली आणि आम्ही मयूर विहारमध्ये भाड्याच्या घरात राहावयास आलो. दिल्लीत मासे मिळत नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. गाझीपूरचा घाऊक मासळीबाजार आमच्या घरापासून दूर नव्हता. चित्तरंजन पार्कच्या बाजारात बंगाली गृहस्थ रविवारी सकाळी पिशव्या घेऊन ज्या गांभीर्याने उभे असतात, ते पाहण्यासारखे असते. तेथे रोहू, कटला, पाबदा, हंगामात हिलसाही असतो. पण हा सारा कारभार मुख्यतः गोड्या पाण्याचा. समुद्राचा मासा येथे बर्फात निजून शेकडो कोस प्रवास करून येतो आणि त्या प्रवासाचे भाडे आपल्याकडून वसूल करतो. पापलेट आणि सुरमई हे भाडे सोसू शकतात, कारण त्यांना गिऱ्हाईक आहे. तारली, पेडवे, मांदेली यांसारख्या लहान, स्वस्त आणि लवकर नासणाऱ्या मासळीला एवढ्या लांब कोण पाठवणार? त्यामुळे कोकणात गरिबाच्या ताटात रोज असणारा मासा दिल्लीत श्रीमंतालाही सहजी मिळत नाही. त्यातच पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि दिल्लीचा उन्हाळाही नेमका तेव्हाच बर्फाची सर्वाधिक परीक्षा पाहत असतो.

आम्ही दोघांनी या अभावाशी जमवून घेतले होते. सासूबाईंना ते जमले नाही.

सासरे गेल्यानंतर २००७ च्या पावसाळ्यानंतर आम्ही त्यांना वेंगुर्ल्याहून आणले. मडगावपर्यंत मोटारीने आणि पुढे मंगला एक्स्प्रेसने निजामुद्दीन. वय चौऱ्याहत्तर. ज्यांनी सारे आयुष्य समुद्राच्या वाऱ्यात काढले आणि ज्यांच्या दारावर पाटी घेऊन येणाऱ्या बाईशी रोज दोन आण्यांवरून प्रेमळ वाद घातला, त्या आता तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून धुके पाहत बसू लागल्या. तक्रार कधी केली नाही. फक्त ताटातला भात अर्धा राहू लागला. दूध त्यांना पहिल्यापासून वर्ज्य, पनीरला त्या "चुन्याची वडी" म्हणत. डाळ-भात चिवडून उठत. आल्या तेव्हा त्यांचे वजन सेहेचाळीस किलो होते, जानेवारीत ते एकोणचाळीस भरले. डॉक्टरांनी हाडांची तपासणी करवून घेतली आणि हाडे ठिसूळ होत चालल्याचे सांगितले. गोळ्या दिल्या, पण "यांच्या पोटात प्रथिने गेली पाहिजेत, नुसत्या गोळ्यांवर भागणार नाही," असेही बजावले.

गावाहून आणलेले सुके बोंबील होते. एका दुपारी मी ते निखाऱ्याऐवजी गॅसवर भाजले. तासाभरात खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई आल्या. त्या शुद्ध शाकाहारी. बोलल्या सौम्यपणे, पण अर्थ स्पष्ट होता: हा वास पुन्हा आला तर दुसरे घर पाहावे लागेल. दिल्लीत भाड्याने राहिलेल्या मासेखाऊ माणसाला हा प्रसंग नवा नाही. त्या घरात सासूबाईंनी सारे ऐकले आणि संध्याकाळी पुन्हा अर्धा भात टाकला.

त्या आठवड्यात आयएनए मार्केटात नारळ घेताना एका दुकानाच्या फळीवर चपटे डबे रचलेले दिसले. आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध टप्प्याटप्प्याने २००१ च्या एप्रिलपर्यंत उठले होते आणि परदेशी डबाबंद खाद्यपदार्थ अशा बाजारांत उघडपणे दिसू लागले होते. शेजारीच केरळात भरलेले डबेही होते. चित्रावरून ओळख पटली: ही तर आपली तारली! दोन डबे घेतले.

घरी डबा पाहून सासूबाई म्हणाल्या, "ह्यां काय गो हाडलंस?" मासा आहे म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "तो मेलो कधी?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. डब्यावर भरल्याची तारीख होती, ती दीड वर्षापूर्वीची. ती मी वाचून दाखवली नाही.

हा प्रश्न खरे तर फार जुना आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यातच डब्याचा जन्म झाला. सैन्याला आणि आरमाराला दूरवर नासणार नाही असे अन्न कसे पुरवावे, या विवंचनेतून फ्रान्सच्या सरकारने उत्तेजन दिले आणि निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, घट्ट बंद करून, उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत सिद्ध केली. १८१० साली त्याला बारा हजार फ्रँकचे बक्षीस मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरँडने कथलाचा मुलामा दिलेल्या लोखंडी डब्याचे पेटंट घेतले. गंमत अशी की, डबा उघडण्याचे साधन निघावयास आणखी काही दशके लागली; तोवर लोक छिन्नी-हातोडी वापरीत. अन्न का टिकते हे स्वतः अपेरलाही ठाऊक नव्हते. जंतूंचा उलगडा पुढे लुई पाश्चरने केला. हवाबंद डबा दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस उष्णतेत ठेवला म्हणजे आतले जंतू आणि त्यांचे चिवट बीजाणू मरतात, आणि बाहेरचे आत शिरू शकत नाहीत. एवढेच ते रहस्य. त्यात जादू नाही, आणि टिकाऊपणासाठी औषध घालण्याचीही गरज नसते.

आपल्याकडेही हा उद्योग अगदी अलीकडचा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्याचे सर फ्रेडरिक निकल्सन यांनी मलबार किनाऱ्यावर तारली डब्यात भरण्याचे प्रयोग करविले. त्या काळी तारलीचा मोठा हिस्सा तेल काढण्यात आणि माडांना खत घालण्यात जाई. माणसाने खावे असे अन्न झाडाच्या मुळाशी जावे, हे त्यांना पटत नव्हते. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली कोचीत केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली. डब्याऐवजी लवचिक पिशवीत मासळीचे कालवण भरून तेच उष्णतेचे तंत्र वापरण्याचे पुष्कळ काम या संस्थेने केले. आज मोठ्या दुकानांत आणि घरपोच सेवांतून मिळणाऱ्या 'तयार मीनकरी'च्या पिशव्या त्याच तंत्रावर चालतात.

सासूबाईंना मी हे काही सांगितले नाही. डबा दोन दिवस ओट्यावर तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी त्या आपणहून बोलू लागल्या. त्यांच्या लहानपणी, गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल असताना, त्यांचे एक मामा बोटीवर तारवटी म्हणून नोकरीला होते. ते सुटीवर येत तेव्हा ट्रंकेत असाच चपटा डबा असे. त्याच्या बुडाला लहानशी चावी चिकटवलेली असे आणि ती फिरवली की पत्रा गुंडाळत जाई. आत ऑलिव्हच्या तेलात एकास एक लावून ठेवलेल्या चांदीसारख्या तारल्या. एका डब्यात नऊ भावंडे. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धी येई, आणि डबा कोणी चाटायचा यावर भांडण होई. "तो डबो आयेन मगे हळद ठेवूक वापरलो," असे म्हणून त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "हाड बघू हयसर."

त्या संध्याकाळी आमच्या घरी तारलीचे तिखले झाले. पहिला घास घेऊन त्यांनी दिलेला अभिप्राय असा होता: "तिरफळां घातलंस नाय." भात मात्र ताटात उरला नाही.

येथे थोडा हिशेब मांडणे योग्य होईल, कारण या विषयावर पुष्कळदा उत्साहाच्या भरात अतिशयोक्ती होते. तेलातली तारली निथळून घेतली तर १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. याच वजनाच्या दुधात कॅल्शियम भरते १२० मिलिग्रॅमच्या आसपास. तारलीतले हे कॅल्शियम मांसात नसून काट्यांत असते. डब्यातल्या उष्णतेने काटे इतके मऊ होतात की बोटाने दाबले तर पीठ व्हावे. म्हणून काटे काढून टाकणे म्हणजे निम्मे पैसे केराच्या टोपलीत टाकणे होय. 'ब-१२' जीवनसत्त्व १०० ग्रॅममध्ये आठ-नऊ मायक्रोग्रॅम असते. प्रौढ माणसाची रोजची गरज दोन-अडीचच्या घरात. 'ड' जीवनसत्त्वही बऱ्यापैकी असते, आणि हिवाळ्यात धुरकटलेल्या आकाशाखाली घरात बसून असणाऱ्या दिल्लीतल्या वृद्धांना त्याची वाण पडतेच. हृदयाला हितकर ओमेगा-३ मेदाम्ले आहेत. शिवाय तारली हा समुद्रातल्या अन्नसाखळीच्या खालच्या पायरीवरचा, वनस्पती-प्लवकांवर जगणारा, अल्पायुषी मासा. त्यामुळे मोठ्या शिकारी माशांत साठतो तितका पारा त्यात साठत नाही.

आता किंमत. युरोपात तारलीचा डबा हे कष्टकऱ्याचे अन्न मानले जाई. आपल्याकडे तसे म्हणता येणार नाही. आज सव्वाशे ग्रॅमचा देशी डबा साधारण दीडशे ते दोनशे रुपयांच्या दरम्यान पडतो आणि निथळल्यावर त्यात ८५-९० ग्रॅम मासा निघतो, म्हणजे प्रथिने बावीस ग्रॅमच्या आसपास. तेवढीच प्रथिने तीन-चार अंड्यांत मिळतात आणि त्यांना खर्च पडतो त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. केवळ प्रथिनांचा भाव पाहणाऱ्याने अंडी, डाळ आणि शेंगदाणे घ्यावेत. जवळ्यासारखी सुकी मासळीही वजनाच्या मानाने डब्यापेक्षा पौष्टिक आणि स्वस्त आहे. पण तिच्यासाठी समजूतदार घरमालक हवा. मग डबा परवडतो कोठे? पापलेट-सुरमईशी तुलना केली तर निश्चित परवडतो, कारण त्यात डोके, खवले, आतडी यांची घट नाही आणि बर्फाचे भाडे नाही. दुसरे म्हणजे एक डबा चौघांना पुरवता येतो. तो ताटाचा नायक न मानता डाळ, बटाटा, पालेभाजी यांच्या जोडीला घेतला, म्हणजे आठवड्यातून दोनदा समुद्राची चव घरात येते आणि महिन्याच्या वहीत बाराशे ते सतराशेच्या दरम्यानचा आकडा पडतो.

पाककृतींकडे वळण्यापूर्वी एक सूत्र ध्यानात ठेवावे. हा मासा आधीच शिजलेला आहे. आपण शिजवायचा आहे तो मसाला. ताज्या मासळीच्या सवयीने डबा फोडून लगेच कालवणात टाकला आणि दहा मिनिटे उकळला, तर भांड्यात माशाऐवजी चिखल उरतो. माझा पहिला प्रयत्न तसाच झाला होता.

तिखल्यासाठी अर्ध्या वाटीहून थोडे अधिक ओले खोबरे, भिजवलेल्या पाच-सहा ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे, हळद आणि लहानसा कांदा गंधासारखा वाटावा. डब्यातलेच चमचाभर तेल कढईत तापवून त्यात वाटण परतावे, वाटीभर पाणी घालून आठ-दहा मिनिटे चांगले उकळावे. चार आमसुले आणि ठेचून बिया काढलेली सहा-सात तिरफळे याच वेळी घालावीत. तिरफळ वाटू नये, कडवट होते, नुसते ठेचावे. मग आच मंद करून तारल्या हलक्या हाताने एकेक सोडाव्यात, डाव घालू नये, कढईच धरून फिरवावी. तीन मिनिटांत उतरवावे. मीठ अगदी शेवटी, चाखून. डब्यात ते आधीच पुरेसे असते. मिठाच्या पाण्यातला डबा असेल तर ते पाणी टाकून द्यावे आणि मासा एकदा धुऊन घ्यावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे कटाक्षाने करावे.

दिल्लीचा हिवाळा म्हणजे पालेभाज्यांचे वैभव. कोकणात मेथीत सुकट घालतात, तीच रीत येथे चालते. लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर दोन जुड्या मेथी परतून पाणी आटले की कुस्करलेली तारली आणि मूठभर खोबरे घालावे, एक वाफ द्यावी. तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी चौघांना पुरते आणि काटे कोठे गेले ते कळतही नाही. येथला बथुआ, म्हणजे आपला चाकवत, तोही असाच करून पाहिला. पण मेथीच्या कडवटपणाला जी खुमारी येते ती त्याला आली नाही.

कायस्थ घरांत कोबीचे भानोले कोलंबी घालून करतात. कोलंबीच्या जागी तारली घालून ते चांगले होतात. बारीक चिरलेला कोबी तीन वाट्या, बेसन एक वाटी, आले-लसूण-मिरचीचे वाटण, खोबरे, थोडा गरम मसाला आणि निथळून कुस्करलेला एक डबा. पाणी अगदी बेताचे, कारण कोबीला सुटते. तेल लावलेल्या जाड तव्यावर थापून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजून वड्या कापाव्यात. शाळेच्या डब्यात आमच्या मुलाने हे वर्षभर नेले. मित्रांनी विचारले तर तो "टिक्की" असे सांगे.

तळण टाळणाऱ्यांसाठी शेवटचा प्रकार. शिळ्या भातावर लसणाची फोडणी, त्यात कांदा, टोमॅटो, मालवणी मसाला आणि अर्धा डबा. सोड्याच्या खिचडीची सर त्याला नाही, हे मान्य करावे. पण कचेरीतून रात्री आठ वाजता घरी आलेल्या माणसाला ते पंधरा मिनिटांत गरम मिळते.

डबा घेताना डोळसपणा हवा. फुगलेला, कडांना गंजलेला किंवा जोडावर चेमटलेला डबा कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. उघडताना आतून फवारा उडाला तर चव न घेता फेकावा. बोटुलिझम नावाची विषबाधा क्वचितच होते, पण झाली तर ती जिवावर बेतते. उघडलेला मासा डब्यातच न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवावा आणि दोन दिवसांत संपवावा. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी तारलीपासून जपून राहावे, आणि ज्यांना मासळीची ॲलर्जी आहे त्यांना डबाही वर्ज्यच. वासाविषयी खोटे सांगणार नाही, वास येतो. भाजलेल्या बोंबलासारखा जिना उतरून मात्र जात नाही. भांडी आधी बेसनाने घासून मग साबणाने धुवावीत, आणि रिकामा डबा धुतल्याशिवाय केरात टाकू नये. खालच्या मजल्यापर्यंत बातमी पोचते ती बहुधा त्याच्यामुळे.

गेल्या काही वर्षांत या डब्यामागची तारलीच डळमळीत झाली आहे. २०१२ साली केरळच्या किनाऱ्यावर तिची विक्रमी आवक झाली होती; त्यानंतरच्या दशकात ती कोसळली आणि २०२१ साली अगदी तळाला गेली, पुढे काहीशी सावरली. समुद्राच्या तापमानातले बदल आणि अति मासेमारी ही दोन कारणे अभ्यासक पुढे करतात. दुकानात देशी तारलीचा डबा न दिसता बांगडा किंवा ट्यूना दिसला, तर त्यामागे अशीही कथा असू शकते. बांगडा तिखल्याला उत्तम. ट्यूनाचे मात्र केवळ मांस भरलेले असते, त्यात काटे नसतात. तेव्हा कॅल्शियमच्या आशेने तो घेऊ नये.

सासूबाईंचे वजन होळीपर्यंत बेचाळीस किलो झाले. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच होत्या, त्यामुळे सारे श्रेय तारलीला देता येणार नाही. त्या आणखी आठ वर्षे आमच्याबरोबर राहिल्या, त्यांतली शेवटची पाच नोएडाच्या आमच्या स्वतःच्या घरात. तेथे खालच्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब होते. त्यांच्याकडून मौरला नावाचे बोटाएवढे मासे काट्यांसकट कुरकुरीत तळून येत आणि आमच्याकडून तिखले जाई. त्या काकूंना तिरफळाचा वास आधी साबणासारखा वाटला होता. पुढे त्याच दर वर्षी विचारू लागल्या, गावाहून तिरफळे आली का म्हणून. आली की सासूबाई ती उन्हात दोन दिवस फिरवीत आणि तारलीच्या एका जुन्या चपट्या डब्यात भरून ठेवीत. तो डबा अजून माझ्या फळीवर आहे.